चाकं उतरवली, आता ठेवायची कुठे आणि कशी?

वाचकाचं पत्र

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. आम्ही राहतो तिथे हिवाळ्यात बर्फ पडतो, त्यामुळे वर्षातून दोनदा टायर बदलावे लागतात. मोठ्या गाडीची हिवाळी चाकं पोलादी रिमवर आणि उन्हाळी चाकं अलॉयवर बसवलेली आहेत, म्हणजे अख्खी चाकंच बदलतो. लहान गाडीला रिमचा एकच संच आहे, तिचे टायर सुटे काढून ठेवावे लागतात. दोन्हींचं माप २०५/५५ आर १६. गेल्या खेपेला सुटे टायर गॅरेजच्या भिंतीवर मोठे खिळे मारून टांगले होते. बाजूलाच ग्राइंडर-ड्रिलचं कामाचं टेबल आणि फ्रीझर आहे. खाली उतरवले तर दोन टायरांच्या कडेला, खिळा होता त्याच्या वरच्या भागात, केसासारख्या बारीक चिरा दिसल्या. टायर फक्त चार वर्षांचे आहेत. एक मित्र म्हणतो ठेवताना चाकांतली हवा पूर्ण काढ, दुसरा म्हणतो जास्त भरून ठेव. जागा चार आहेत: गॅरेज, तळघरातली बॉयलरची खोली, बाल्कनी आणि जिन्याखालचं कपाट. कुठे ठेवू, कसे ठेवू, आणि त्या चिरा पडलेल्या दोन टायरांचं काय करू?

उत्तर

तुमचं निम्मं उत्तर त्या चिरांमध्येच आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

रबराला ओझोन मानवत नाही. ओझोन हवेत नेहमीच थोडाफार असतो, आणि ठिणगी उडते तिथे तो जास्त तयार होतो. ग्राइंडर, ड्रिल, व्हॅक्यूम क्लिनर यांच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात. मोटर फिरताना त्या ब्रशांजवळ बारीक ठिणग्या सतत उडतात. वेल्डिंग, हवा शुद्ध करणारी ओझोनची यंत्रं आणि अतिनील प्रकाशाचे दिवेही त्याच यादीत येतात. पण नुसत्या ओझोननं टायरला चिरा पडत नाहीत. रबर ताणलेलं असावं लागतं. ताणलेल्या रबरातले रासायनिक बंध ओझोन तोडतो, तिथे पृष्ठभाग उघडतो, आतलं ताजं रबर हवेला लागतं आणि चीर खोल होत जाते. चिरेची दिशा नेहमी ताणाच्या आडवी असते.

आता तुमचा खिळा बघा. सुटा टायर खिळ्यावर टांगला की त्याचं नऊ-एक किलो वजन एका बोटाएवढ्या जागेवर येतं. टायर खाली ओढला जातो, गोलाचा लंबगोल होतो, आणि वरच्या टोकाला तो गरजेपेक्षा जास्त वाकतो. तिथलं बाहेरचं रबर परिघाच्या दिशेनं ताणलं जातं. त्यामुळे चिरा पडतात त्या केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. तुमच्या टायरवरच्या चिरा याच दिशेनं असतील तर कारण ठरलंच: टांगल्यामुळे ताण आला आणि शेजारच्या टेबलामुळे ओझोन मिळाला. चार वर्षांचं वय हे त्यामागचं कारण नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. टायरच्या रबरात मेण आणि ओझोनविरोधी रसायनं मिसळलेली असतात. गाडी धावते तेव्हा रबर सतत दबतं-सुटतं, त्यानं ही द्रव्यं हळूहळू पृष्ठभागावर येतात आणि तिथे संरक्षक थर धरतात. टायर सहा महिने जागचा हलला नाही, तर तो थर पुरेसा ताजा होत नाही. म्हणून चालत्या गाडीवरच्या टायरपेक्षा पडून राहिलेल्या टायरला जागा जास्त चांगली लागते. कडेला कधी तपकिरी झाक येते ती याच द्रव्यांची. ती मळ समजून घासून काढू नका.

तर मुद्दा असा: ठेवलेल्या टायरवर ताण येऊ द्यायचा नाही. बाकीचे सगळे नियम यातूनच निघतात, आणि म्हणूनच रिमवरचा टायर आणि सुटा टायर यांचे नियम एकमेकांच्या उलटे आहेत.

रिमवर बसलेल्या, हवा भरलेल्या टायरला आकार देणारं काम रिम आणि हवा करतात. असं चाक आडवं एकावर एक रचलं तरी चालतं, रिममधून आकड्याला टांगलं तरी चालतं. फक्त ते महिनोन् महिने एकाच बिंदूवर उभं ठेवू नये. सुट्या टायरचं तसं नाही. त्याच्या आत आधाराला काहीच नाही. तो टांगला तर तुमच्याकडे झालं तेच होतं. एकावर एक रचला तर सगळ्यात खालचा टायर वरच्या तिघांच्या वजनानं चेपतो आणि त्याच्या दोन्ही बीड, म्हणजे रिमला पकडणाऱ्या आतल्या तारेच्या कडा, एकमेकींच्या जवळ येतात. पुढच्या हंगामात असा टायर रिमवर चढवला की बीड रिमच्या कडेला टेकतच नाहीत, सगळी हवा मधूनच निघून जाते आणि टायरवाल्याला खटपट करावी लागते. म्हणून सुटा टायर उभा ठेवायचा आणि दर महिन्याला थोडा फिरवायचा. जागाच नसेल तर चार सुटे टायर महिनाभर आडवे रचलेले चालतील. त्याहून जास्त काळ ठेवायचे झाले तर दर महिन्याला खालचा वर, वरचा खाली करा.

जागा

तुमच्या चारपैकी दोन जागा लगेच बाद करा.

बॉयलरची खोली कोरडी असते म्हणून लोकांना बरी वाटते. पण तिथे सतत ऊब असते, आणि तापमान वाढलं की रबर जुनं होण्याचा वेगही वाढतो. साधारण ठोकताळा असा की दर १० अंशांना असा रासायनिक वेग दुपटीच्या आसपास जातो. शिवाय ज्योत किंवा गरम पृष्ठभाग असलेल्या खोलीत रबराचा ढीग नकोच. टायर सहजासहजी पेट घेत नाही, पण एकदा पेटला की विझवणं अतिशय अवघड आणि धूर भयंकर. इमारतीचं सामायिक तळघर असेल तर टायर ठेवायला परवानगी आहे का तेही आधी विचारा.

बाल्कनीत ऊन, पाऊस आणि तापमानाचे चढउतार तिन्ही येतात. उन्हातले अतिनील किरण रबराचा पृष्ठभाग कडक करतात. टायरच्या पोकळीत पावसाचं पाणी साचलं की डास अंडी घालतात. चार-आठ दिवसांपुरते ठेवायचे झाले तर जमिनीपासून उचलून, अपारदर्शक ताडपत्रीखाली, खालून हवा खेळेल असे ठेवा. हंगामभर नाही.

जिन्याखालचं कपाट ही तुमची सगळ्यात चांगली जागा आहे. अंधार, कोरडं, घरातलं स्थिर तापमान. टायर २५ अंशांच्या खाली राहिले तर उत्तम, आणि भिंतीला ओल किंवा पाण्याचे थेंब धरत नसावेत. हाताला भिंत गार आणि दमट लागली तर तिथे ठेवू नका, रिमच्या बोल्टांच्या बैठकांना गंज धरतो.

कपाटात मावेल का ते मोजून बघा. २०५/५५ आर १६ या मापाचा हिशोब असा: रिम १६ इंच म्हणजे ४०.६ सेंमी. टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे २०.५ सेंमीच्या ५५ टक्के, सुमारे ११.३ सेंमी. ती वर एकदा आणि खाली एकदा, म्हणजे २२.६. एकूण व्यास जवळपास ६३ सेंमी. चार चाकं आडवी रचली की उंची चार वेळा २०.५, म्हणजे ८२ सेंमी, मधल्या पुठ्ठ्यांसह ८५ धरा. त्यांना ६५ बाय ६५ सेंमी जमीन पुरते. चार सुटे टायर उभे, अंगाला अंग लावून ठेवले तर लांबी सुमारे ९० सेंमी आणि उंची-खोली ६५-६५. जिन्याखालच्या उताराला हे छान जमतं: उंच बाजूला रिमवरच्या चाकांची उतरंड, ठेंगण्या बाजूला उभे सुटे टायर. दोन्ही मावत नसतील तर कपाटावर पहिला हक्क सुट्या टायरांचा, आणि रिमवरची चाकं गॅरेजमध्ये जातील.

गॅरेज तसं वाईट नाही, तिथलं टेबल वाईट आहे. चाकं टेबलापासून आणि बॅटरी चार्जर असेल तर त्याच्यापासून जमेल तितक्या लांबच्या कोपऱ्यात ठेवा, खिडकीचं ऊन थेट येत नाही अशा जागी. फ्रीझरची मुख्य अडचण म्हणजे मागून येणारी गरम हवा, तिच्या झोतात काही ठेवू नका. पेट्रोलचा डबा, थिनर, ऑइल, रंग यांच्यापासूनही लांब. रबर ही द्रव्यं शोषून घेतं आणि फुगतं. फरशीवर सांडलेल्या तेलाचा डागसुद्धा पुसून घ्या.

टायर थेट फरशीवर ठेवायचा नाही. लाकडी पॅलेट, प्लायवूडचा तुकडा किंवा जाड पुठ्ठा खाली घाला. काँक्रीटमधून ओल वर येते हे एक कारण. दुसरं असं की रबरातली तेलं रंगवलेल्या किंवा व्हिनाइलच्या फरशीत उतरतात आणि काळपट-तपकिरी डाग पडतो. तो डाग पुन्हा निघत नाही.

उतरवताना

चाक काढण्याआधीच खूण करा, नंतर आठवेल या भरवशावर राहू नका. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून ठरवायचं. मास्किंग टेपच्या तुकड्यावर लिहून तो टायरच्या नक्षीवर चिकटवा, किंवा खडूनं लिहा. नुसतं 'पुढचं डावं' लिहून थांबू नका, सोबत नक्षीची खोली आणि गाडीचे किलोमीटर लिहा: 'पुढचं डावं, ५.२ मिमी, ४१,३०० किमी.' सहा महिन्यांनी कुठली जोडी कुठे लावायची हे या एका ओळीवर ठरतं. लहान गाडीच्या सुट्या टायरांनाही अशीच खूण करा. दिशादर्शक बाण असलेला टायर असेल तर तो त्याच बाजूला परत गेला पाहिजे.

नक्षीची खोली मोजतानाच निर्णय घेऊन टाका. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी आहे, पण बर्फावर आणि चिखल-पाण्यात हिवाळी टायर ४ मिमीच्या खाली आपलं काम नीट करत नाही. काही देशांत हिवाळी टायरांसाठी ४ मिमी हीच कायदेशीर मर्यादा आहे. ४.५ मिमी उरलेला हिवाळी टायर पुढचा अख्खा हिवाळा काढेल का, हा प्रश्न बर्फ पडायच्या आदल्या दिवशी नाही, आत्ता विचारायचा.

मग धुणं. बादलीभर पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. नक्षीत अडकलेले खडे बोथट स्क्रू ड्रायव्हरनं काढा. तेवढ्यात एखादा खिळा रुतलेला सापडला तर तो ओढून काढू नका, जागा खुणेनं दाखवून टायरवाल्याकडे न्या. दुरुस्ती ठेवण्याआधी झालेली बरी. रिमची आतली बाजू विसरू नका. ब्रेकची काळी धूळ तिथेच बसते, तिच्यात लोखंडाचे कण असतात. रस्त्यावरचं मीठ आणि ओल यांच्यासोबत सहा महिने राहिली की रिमवरचा लॅकर खाऊन टाकते. अॅसिडवालं क्लिनर वापरू नका, साध्या साबणानं निघत नसेल तर पीएच न्यूट्रल रिम क्लिनर घ्या. प्रेशर वॉशरचं नाक टायरच्या कडेपासून किमान हातभर लांब.

धुतल्यावर पूर्ण सुकू द्या, सावलीत एक दिवस. आणि टायर चमकवणारा स्प्रे लावून ठेवू नका. विशेषतः पेट्रोलियमच्या आधाराचे स्प्रे रबरातलं ते संरक्षक मेण ओढून काढतात, म्हणजे जे सांभाळायचं तेच घालवतात.

हवेचं काय?

तुमच्या दोन्ही मित्रांचं म्हणणं पूर्ण निराधार नाही, पण पहिल्याचं जसंच्या तसं करू नका. हवा पूर्ण काढली की टायरच्या कडा सैल पडतात, वरच्या चाकाच्या वजनानं दबतात आणि बीड रिमवरून सुटू शकतो. मग पंपानं हवा भरत नाही, गाडीला लावायच्या दिवशी टायरवाल्याकडे जावं लागतं.

काही टायर कंपन्या ठेवताना हवा सुमारे १ बारपर्यंत, म्हणजे १५ पीएसआयपर्यंत कमी करायला सांगतात, कारण आतला दाब कमी तर रबरावरचा ताणही कमी. दुसरीकडे अनेक जाणकार ०.५ बार जास्त भरून ठेवायला सांगतात, कारण टायरमधून महिन्याला थोडी हवा जातेच, साधारण ०.०५ ते ०.१ बार. सहा महिन्यांत ती गळती ०.३ ते ०.६ बारपर्यंत पोचते.

आमचं मत असं. जागा अंधारी, गार आणि ओझोनपासून लांब असेल आणि चाकं पुढच्या हंगामात नक्की लागणार असतील, तर गाडीच्या दाराच्या चौकटीवर जो दाब छापलेला आहे त्याच्यावर ०.३ ते ०.५ बार भरून ठेवा. टायरच्या कडेवर कोरलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. चाकं वर्षभर किंवा जास्त पडून राहणार असतील, किंवा कामाच्या टेबलाशेजारीच ठेवण्यावाचून इलाज नसेल, तर १ बार ठेवा आणि प्रत्येक चाकाला 'हवा कमी, भरल्याशिवाय चालवू नये' अशी चिठ्ठी बांधा. ही चिठ्ठी खरंच बांधा. घरातलं दुसरं कोणी चाक बदलायला घेतलं तर १ बारवर गाडी महामार्गावर गेल्यावर टायर तापून फाटू शकतो. व्हॉल्व्हचं टोपण दोन्ही वेळी लावलेलं हवं.

रचणं आणि टांगणं

पोलादी रिमचं १६ इंची चाक टायरसह १७-१८ किलो भरतं, चार मिळून सत्तर किलो. रचताना पाठीनं न उचलता गुडघ्यात वाकून उचला, आणि चारपेक्षा जास्त एकावर एक ठेवू नका. अलॉयची दर्शनी बाजू वर, आणि प्रत्येक दोन चाकांमध्ये पुठ्ठा किंवा जुना टॉवेल, नाहीतर वरच्या रिमची कड खालच्या अलॉयवर ओरखडे काढते. लहान मुलं असतील तर रचलेली चाकं भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकलेली हवीत. मुलं त्यांच्यावर चढतातच, आणि सुटी उभी उतरंड ढकलली जाऊ शकते.

मधोमध दांडा असलेला चार चाकांचा स्टँड मिळतो, तो चांगला. पण घेताना प्रत्येक चाकाचा आधार टायरला नाही तर रिमला लागतोय का ते बघा, आणि तो तुमच्या टायरच्या रुंदीचा आहे ना तेही. चाकं एकमेकांवर टेकत नाहीत हाच त्याचा फायदा.

भिंतीवर टांगायचं झालं तर फक्त रिमवरची चाकं. आकडा रिमच्या आऱ्यांमधून जाईल असा हवा आणि त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवा, म्हणजे रंग खरवडत नाही. चाकाची रुंदी वीस सेंमीहून जास्त असल्यामुळे त्याचं वजन भिंतीपासून हातभर नाही तरी वीतभर लांब लोंबतं आणि वरचा स्क्रू उपटायला बघतो. म्हणून भरीव विटेत किंवा काँक्रीटमध्ये १० मिमीचे अँकर बोल्ट वापरा. जिप्समच्या पोकळ भिंतीत प्लॅस्टिकच्या गुट्ट्या ठोकून चालणार नाही, तिथे आतल्या लाकडी किंवा लोखंडी चौकटीतच स्क्रू गेला पाहिजे. गाडीच्या बॉनेटच्या वर चाक टांगू नका.

आता तुमचे सुटे टायर. स्वच्छ, कोरडा झालेला प्रत्येक टायर वेगळ्या जाड, काळ्या, अपारदर्शक पिशवीत घाला, हातानं दाबून जमेल तेवढी हवा बाहेर काढा आणि तोंड टेपनं बंद करा. हवा अडली म्हणजे ओझोन अडला, आणि रबरातली तेलं उडून जाण्याचं प्रमाणही घटतं. कपाटात रबराचा वास पसरत नाही हा वरचा फायदा. पारदर्शक पिशवी उपयोगाची नाही. ओला टायर पिशवीत घातला तर पाणी सहा महिने आतच राहतं, म्हणून सुकवण्यात घाई करू नका.

पिशवीवर वरच्या बाजूला एक बाण काढा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला बाण पाव फेरी पुढे न्या. चार टायरांना दोन मिनिटं लागतात. त्यांच्याखाली रुंद सपाट फळी असावी, बारीक पाइपांचा रॅक असेल तर पाइप टायरमध्ये रुततात, तिथे फिरवणं अजिबात चुकवू नका. टायरांवर काही ठेवू नका, त्यांच्या आतल्या पोकळीत सामान कोंबू नका. चारही उभे टायर घरंगळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना एकेक विटेसारखं अडसर पुरतं.

नट-बोल्टांची एक वेगळी पिशवी, त्यावर 'पोलादी' किंवा 'अलॉय' असं लिहून, त्याच चाकांसोबत. दोन्ही रिमचे बोल्ट बाहेरून सारखे दिसले तरी लांबी आणि बैठकीचा आकार वेगळा असू शकतो: कुणाची शंकूसारखी, कुणाची गोलसर. चुकीचा बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि रस्त्यावर सैल होतो. चोरीविरोधी बोल्टाची किल्ली मात्र गाडीतच ठेवा, ती चाकांसोबत कपाटात गेली तर पंक्चर झाल्यावर रस्त्यात अडकाल.

चिरा पडलेले दोन टायर

आधी उजेडात, पुसलेल्या टायरवर, चिरा नीट बघा. नख फिरवल्यावर अडकत नाही, अगदी वरवरच्या आहेत आणि फक्त खिळ्यावरच्या पट्ट्यात आहेत, तर टायरवाल्याकडून आतून-बाहेरून तपासून घ्या आणि त्याचा निर्णय माना. पण नख अडकत असेल, चिरेत आतला धागा किंवा तार दिसत असेल, चिरा बीडजवळ किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी असतील, किंवा तिथे फुगवटा असेल, तर ते टायर वापरू नका, कमी वेगानंसुद्धा नाही. कडेच्या चिरेची दुरुस्ती होत नाही. एकाच आसावरचे दोन टायर जोडीनं बदला. नवी जोडी मागच्या आसावर लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरी. मागची चाकं आधी घसरली की गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं पुढची घसरण्यापेक्षा कितीतरी कठीण.

वयही पक्कं करून घ्या. टायरच्या कडेवर डीओटी अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. ही ओळ पूर्ण स्वरूपात टायरच्या एकाच बाजूला असते, दिसली नाही तर आतली बाजू बघा. बऱ्याच टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी बदल सांगतात, नक्षी कितीही उरली असो. तुम्ही विकत घेतल्याची तारीख आणि ही तारीख यांत वर्षाचा फरकही निघू शकतो.

पुन्हा लावताना

हवेचं सरासरी तापमान ७ अंशांच्या खाली जायला लागलं की हिवाळी संच लावायची वेळ झाली, बर्फाची वाट बघू नका. उन्हाळी टायरचं रबर त्या थंडीत कडक होतं. गॅरेज गोठणबिंदूच्या खाली गेलं असेल तर सुटे टायर रिमवर चढवण्याआधी दिवसभर घरात आणून ठेवा. गारठलेलं रबर ताणून चढवताना बीड फाटू शकतो.

चाक बसवण्याआधी हबचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीकडच्या भागाचा, सपाट भाग तारेच्या ब्रशनं घासून गंज काढा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की चाक किंचित तिरकं बसतं, वेग घेतला की स्टीअरिंग थरथरतं आणि दोष उगाच बॅलन्सिंगला दिला जातो. बोल्टांच्या आट्यांना तेल-ग्रीस लावू नका. बोल्ट समोरासमोरच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं, गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळा. बहुतेक कारना तो ९० ते १४० न्यूटन मीटरच्या दरम्यान असतो, पण तुमचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या. हवा थंड टायरवर दाराच्या चौकटीवरच्या दाबाला आणा. दुसऱ्या संचात दाब दाखवणारे सेन्सर असतील तर गाडीला ते नव्यानं ओळखायला लावावं लागू शकतं, त्याची रीतही पुस्तिकेत असते. आणि ५० ते १०० किमी चालल्यावर बोल्ट पुन्हा त्याच टॉर्कला तपासा.